गिटारचे ट्यूनिंग बदलले, की बासने काय बदलावे?

अकूस्टिक गिटारवादकाने तारा नेहमीच्या सुरांवरून उतरवून किंवा चढवून वेगळ्या लावल्या, तरी सोबतचा अपराइट बासवादक बहुधा निश्चिंत असतो. आपल्या चार तारा ई, ए, डी, जी अशाच आहेत आणि जी कॉर्डचा मूळ स्वर कोणत्याही ट्यूनिंगमध्ये जीच राहतो, तेव्हा कॉर्डची नावे कळली की काम झाले, असे त्याला वाटते. प्रत्यक्ष वाजवायला बसल्यावर मात्र दोन्ही वाद्ये सुरात असूनही खालचा आवाज गढूळ होतो. गिटारची आस बासखाली दबते आणि ज्या मोकळेपणासाठी गिटारवादकाने तारा बदलल्या, तोच नाहीसा होतो. बोटे चुकली म्हणून हे होत नाही. कॉर्डची नावे सांगतात त्यापेक्षा ट्यूनिंग कितीतरी जास्त सांगत असते आणि ते ऐकलेलेच नसते, म्हणून हे होते. म्हणून या लेखाचा आग्रह एकच आहे: गाण्याच्या कॉर्ड पाठ करण्याआधी बासवादकाने गिटारच्या सहा खुल्या तारांचे सूर पाठ करावेत आणि त्या सुरांमध्ये आपला खर्ज कुठे ठेवायचा हे विचारपूर्वक निवडावे.

यामागचे कारण आकड्यांत स्पष्ट दिसते. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये गिटारची सर्वांत जाडी तार ई असते आणि ती सेकंदाला सुमारे ८२ कंपने करते. बासची सर्वांत खालची तारही ईच, पण ती बरोबर एक सप्तक खाली, सुमारे ४१ कंपनांवर असते. या सप्तकभर अंतरामुळे दोघांना आपापली जागा आपोआप मिळते. आता गिटारवादकाने डॅडगॅड लावले असे समजा, म्हणजे जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत डी, ए, डी, जी, ए, डी. जाडी तार डीवर उतरली, म्हणजे सुमारे ७३ कंपनांवर आली. बासची खुली डी तारही नेमक्या याच सुराची आहे. चार तारांच्या साध्या बासवर याहून खालचा डी मिळतच नाही, कारण त्याची मर्यादा ईवर संपते. म्हणजे गाणे डीमध्ये असेल, तर ज्या स्वरावर सगळी इमारत उभी आहे, त्याच स्वरावर बासला गिटारच्या खाली जाता येत नाही. ओपन सी ट्यूनिंगमध्ये तर गिटारची जाडी तार सीपर्यंत, सुमारे ६५ कंपनांपर्यंत खाली येते आणि बासच्या डी आणि जी या दोन्ही खुल्या तारा तिच्या वर राहतात. कॉर्डच्या नावांमधून यातले काहीही कळत नाही.

भारतीय संगीत ऐकून कान तयार झालेल्या मराठी वाचकाला ही ट्यूनिंग्ज सरगमच्या भाषेत मांडली तर लवकर समजतात. डीला, म्हणजे पांढरी दोनला षड्ज मानले, तर डॅडगॅड म्हणजे सा प सा म प सा. तंबोऱ्याची पहिली तार रागानुसार पंचमात लावतात, आणि मालकंससारख्या पंचम वर्ज्य असलेल्या रागात मध्यमात. डॅडगॅडमध्ये मध्यम आणि पंचम दोन्ही एकाच वेळी गुंजत असतात, गंधार मात्र कुठेच नसतो. शुद्ध नाही आणि कोमलही नाही. ब्रिटिश गिटारवादक डेव्ही ग्रॅहम यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मोरोक्कोत ऐकलेल्या उद या वाद्याला साथ करता यावी म्हणून हे ट्यूनिंग वापरले आणि तिथून ते लोकसंगीतात पसरले. आयर्लंडच्या पारंपरिक धुनांना ते मानवले. लेड झेपेलिनच्या १९७५ साली आलेल्या ‘काश्मीर’मध्येही तेच आहे. या ट्यूनिंगची सगळी ओढ त्या न सांगितलेल्या गंधारात आहे. अशा वेळी बासवादकाने सवयीने मेजर कॉर्डचा आराखडा धरून एफ शार्प वाजवला, तर गिटारवादकाने मुद्दाम उघडा ठेवलेला प्रश्न तो परस्पर मिटवून टाकतो. ओपन डीमध्ये मात्र परिस्थिती उलटी असते: डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. इथे शुद्ध गंधार खुल्या तारेवरच बसलेला आहे, त्यामुळे बासवर कोमल गंधार आला की तो लगेच खटकतो. दोन्ही ट्यूनिंग्जमध्ये गाणे डीमध्येच असेल, पण बासवर टाळायचा स्वर दोन्हीकडे एकच नाही.

ओपन जीचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. डी, जी, डी, जी, बी, डी या तारांत षड्ज जीवर आहे, पण सर्वांत जाड्या तारेवर खालचा पंचम आहे. म्हणजे सगळ्या तारा एकदम छेडल्या, की तळाशी सा नसून प वाजतो आणि कॉर्ड पूर्ण टेकत नाही. रोलिंग स्टोन्सचे कीथ रिचर्ड्स हे ट्यूनिंग वापरताना ती जाडी तार काढूनच टाकतात आणि पाच तारांवर वाजवतात, त्यामुळे तळाशी जी येतो. अकूस्टिक गिटारवादक सहसा तार काढत नाही. तिथे बासने आपल्या ई तारेवर तीन अर्धस्वर वर असलेला जी, सुमारे ४९ कंपनांचा, धरला की तोच पंचम अचानक पायावर बसलेला वाटू लागतो. गिटारवादकाने एकही बोट न हलवता संपूर्ण कॉर्डचा अर्थ बदलतो. बासची खरी गरज इथे दिसते आणि अशी जागा ट्यूनिंग माहीत असल्याशिवाय सापडत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की अनुभवी बासवादकाचा कान मूळ स्वर काही क्षणांत शोधतो, मग तारांचा हिशेब कशाला? कान हवाच, पण या ट्यूनिंग्जमध्ये मूळ स्वर पुष्कळदा शोधण्याची गोष्ट नसते, ठरवण्याची असते. डॅडगॅडच्या वरच्या तीन खुल्या तारा, जी, ए आणि डी, तशाच वाजत ठेवा. त्यांच्याखाली बासने डी दिला तर गंधाराविना लटकलेली, वाट पाहणारी कॉर्ड ऐकू येते. जी दिला तर त्याच तारा त्या जीच्या सा, रे, प होतात आणि सगळे प्रशस्त वाटते. ई दिला तर जी हा त्याचा कोमल गंधार आणि डी हा कोमल निषाद होतो, म्हणजे छटा मायनरची येते. सी दिला तर सा, रे, प, ध अशी मोकळी रचना होते. एफ दिला तर ए हा त्याचा शुद्ध गंधार बनून कॉर्ड उजळते. गिटारच्या हाताची ठेवण एकच, पण बासच्या एका बोटाने अर्थ पाच झाले. गिटारवादकाच्या मनात यातला कोणता अर्थ आहे हे कानाला आधीच कळणे शक्य नाही, कारण बास येईपर्यंत तो अर्थ पक्का झालेलाच नसतो. म्हणून तो दोघांनी बोलून ठरवायचा असतो. कॅनडाच्या जोनी मिचेल यांची गाणी या दृष्टीने अभ्यासावीत. लहानपणी झालेल्या पोलिओने त्यांचा डावा हात कमजोर झाला होता. त्यामुळे त्यांनी डझनावारी ट्यूनिंग्ज वापरली आणि त्यांच्या कॉर्डना नेहमीची नावे देणे अवघड जाते. १९७६च्या ‘हेजिरा’ या अल्बमच्या नऊपैकी चार गाण्यांत जॅको पास्टोरियस यांचा बास आहे. तो पडदे नसलेला इलेक्ट्रिक बास आहे, अपराइट नव्हे, पण धडा तोच आहे. पास्टोरियस केवळ मूळ स्वर मोजत बसत नाहीत. ते वरच्या सप्तकात जातात, हार्मोनिक्स वाजवतात आणि गिटारच्या खुल्या तारांभोवती दुसरी धून विणतात.

आता सर्वांत कठीण प्रश्नाकडे येऊ: डॅडगॅड किंवा ओपन डी असेल आणि गाणे डीमध्ये असेल, तर बासने डी कुठे वाजवावा? मार्ग चार आहेत. पहिला, खुली डी तार गिटारच्या जाड्या तारेबरोबर एकाच सुरात वाजवणे. हा सोपा आहे आणि कडव्याच्या सुरुवातीला भारदस्तही लागतो, पण दोन तारांत सेकंदाला एका कंपनाचा फरक असला तरी आवाज सेकंदातून एकदा फुगतो आणि बसतो. म्हणून जुळवताना केवळ खुल्या तारा ऐकून थांबू नका. बासच्या डी तारेच्या मध्यावरचे हार्मोनिक घ्या आणि ते गिटारच्या मधल्या खुल्या डी तारेशी ताडून पाहा. वरच्या सप्तकात चूक लवकर ऐकू येते. दुसरा मार्ग, बासची ई तार एक स्वर उतरवून डीवर आणणे, म्हणजे सुमारे ३७ कंपनांचा डी हाताशी येतो. हे केले की ‘मग बासही गिटारप्रमाणेच लावून टाकू’ हा दुसरा आक्षेप आपोआप समोर येतो. त्याची किंमत मात्र समजून घ्या. उतरवलेली तार सैल पडते, गजाला उशिरा प्रतिसाद देते आणि तिच्यावरची प्रत्येक जागा दोन अर्धस्वरांनी सरकते. एका तारेचा ताण कमी झाला की शेजारच्या तारांचा सूरही किंचित हलतो, म्हणून चारही तारा पुन्हा तपासाव्या लागतात. संपूर्ण मैफल एकाच ट्यूनिंगमध्ये असेल तर हे परवडते, गाण्यागणिक ट्यूनिंग बदलणार असेल तर नाही. ऑर्केस्ट्रातल्या अनेक बासवर ई तार सीपर्यंत लांबवणारी जोडपट्टी असते, आणि पाच तारांच्या काही बासवर खालचा बी असतो. ज्यांच्याकडे असे वाद्य आहे त्यांची अडचण तिथेच मिटते.

तिसरा मार्ग म्हणजे डी गिटारकडेच सोपवून आपण खालचा ए, ५५ कंपनांचा मंद्र पंचम धरणे. गिटार डीवर असताना हा ए सतत धरला तर सगळे अधांतरी वाटते, म्हणून त्यावर मुक्काम करू नये. ओळ पुढे ढकलायची असेल, समेपूर्वी तणाव हवा असेल, तिथे मात्र त्याच्याइतका उपयोगी स्वर दुसरा नाही. चौथा मार्ग अनेकांना सुचत नाही: गिटारवादकाला कॅपो लावायला सांगणे. डॅडगॅडमध्ये दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावला की षड्ज ईवर, म्हणजे पांढरी तीनला येतो. गिटारची जाडी तार ८२ कंपनांवर जाते आणि बासची खुली ई तार बरोबर एक सप्तक खाली सापडते. पाचव्या पडद्यावर कॅपो लावला तर षड्ज जी होतो, गिटारच्या तळाशी ९८ कंपने आणि बासवर ४९. गायकाच्या गळ्याला यातली एखादी पट्टी चालत असेल, तर बासची निम्मी अडचण वाद्याला हात न लावता सुटते. गिटारवादकाला कॅपोने बोटांची ठेवण बदलावी लागत नाही, त्यामुळे अशी विनंती करण्यात संकोच नसावा. मात्र कॅपो लावल्यावरही गिटारवादक बोटांच्या ठेवणीवरून ‘डी’च म्हणत राहतो, तेव्हा कागदावर नेहमी प्रत्यक्ष ऐकू येणारा स्वर लिहा. आणि गिटारच्या सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवलेल्या असतील, तर खुल्या तारांचा मोह सोडून दाबलेल्या स्वरांवरच वाजवा. तिथे बासच्या खुल्या तारा सहसा परक्या ठरतात.

सुराच्या जोडीला सूक्ष्म लगावाचाही प्रश्न आहे. पियानोच्या समान विभागणीतला शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, म्हणजे अर्धस्वराच्या जवळपास सातव्या हिश्शाने. ओपन डी किंवा ओपन जी लावणारे अनेक गिटारवादक खुली कॉर्ड गोड लागावी म्हणून गंधाराची तार यंत्राच्या खुणेपेक्षा जरा उतरवून ठेवतात. बासला पडदे नाहीत, त्यामुळे बासवादक त्या उतरलेल्या गंधाराशी मिळू शकतो. हा त्याचा मोठा फायदा आहे, पण यंत्राकडे पाहून वाजवणारा तो गमावतो. खालच्या सप्तकात गंधार शक्यतो वाजवूच नये, हेही लक्षात ठेवा. इतक्या खाली दोन स्वरांत तीन-चार अर्धस्वरांचे अंतर असले की कानाला ते वेगळे ऐकू येत नाहीत, नुसती घरघर ऐकू येते. गंधार गिटारला द्यावा, बासने षड्ज आणि पंचम सांभाळावेत.

लयीचेही असेच आहे. बोटांनी छेडून वाजवणारा गिटारवादक अंगठ्याने जाड्या तारांवर आळीपाळीने ठोके देत असतो, आणि तो अंगठा म्हणजे एक छोटा बासच असतो. बासवादकानेही प्रत्येक ठोका घेतला, तर दोघे एकमेकांच्या अंगावर पडतात. यावर दोन तोडगे आहेत आणि दोन्ही आलटून पालटून वापरावेत. एक, बासने समेचा आणि मधला असे दोनच ठोके घ्यावेत आणि स्वर किती वेळ वाजत राहील हे डाव्या हाताने नेमके ठरवावे. दुसरा, लय अंगठ्याकडे सोपवून बासने वरच्या तारांवर धून घ्यावी किंवा गजाने लांब सूर धरावा. गिटारचा स्वर छेडल्या क्षणापासून विरत जातो, गजाचा स्वर टिकून राहतो, वाढतोही. १९६७ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या पेंटँगल या बँडमध्ये डॅनी थॉम्पसन हे बर्ट जान्श आणि जॉन रेनबोर्न या दोन बोटांनी छेडणाऱ्या गिटारवादकांबरोबर अपराइट बास वाजवत. दोघेही निरनिराळी ट्यूनिंग्ज वापरणारे. या बँडचा १९६९चा ‘बास्केट ऑफ लाइट’ ऐका, मग जॉन मार्टिन यांच्या १९७३च्या ‘सॉलिड एअर’मधला थॉम्पसन यांचाच बास ऐका. ऐकताना स्वर मोजू नका. थॉम्पसन कुठे थांबतात, कुठे वर सरकतात आणि गिटारच्या खुल्या तारांना कुठे वाट करून देतात, त्याची नोंद ठेवा.

इथे तिसरा आक्षेप रास्त आहे: गिटार स्वतःच खाली उतरते, अंगठा लय धरतो, खुल्या तारा आस देतात, मग अशा संगीताला बास हवाच कशाला? याचे उत्तर वाद्याच्या देहात आहे. अकूस्टिक गिटारच्या पोकळीतल्या हवेचा अनुनाद साधारण १०० कंपनांच्या आसपास असतो. त्यामुळे तिची जाडी तार डी किंवा सीपर्यंत उतरवली, तरी त्या स्वराचा मूळ भाग क्षीण राहतो आणि आपण तो मुख्यतः वरच्या उपस्वरांवरून ओळखतो. गिटार खालचा स्वर सुचवू शकते, पण तो पूर्ण वजनाने देऊ शकत नाही. मोठ्या पोकळीचा बास ती उणीव भरून काढतो. शिवाय बासच्या खुल्या ए, डी आणि जी तारा डॅडगॅडच्या सुरांशी तंतोतंत जुळतात, त्यामुळे न छेडताही त्या गिटारच्या आवाजाने थरथरतात. हे वरदान आहे, पण आवर न घातल्यास तोच गढूळपणाचा उगमही ठरतो. न वाजवायची तार डाव्या हाताच्या रिकाम्या बोटांनी हलकेच दाबून ठेवण्याची सवय लावून घ्या. मंचावर माइक किंवा पिकअप असेल, तर ध्वनिसंयोजकाला सांगून गिटारचा १०० कंपनांखालचा भाग कमी करून घ्या. तळ एकाच वाद्याकडे राहिला की हुंकार आणि घुमण्याची तक्रार बरीच कमी होते.

शेवटचा आक्षेप बासवादकाच्या मनातला आहे: इतका संयम ठेवला तर वाजवायला उरते काय? उरते ते निवडणे, आणि निवडण्याचा सराव करता येतो. गिटारवादकाला एका ट्यूनिंगच्या वरच्या तीन खुल्या तारा संथ लयीत छेडत राहायला सांगा. त्याखाली बासवर बाराही स्वर एकेक करून, प्रत्येक आठ मात्रा, वाजवा. कोणत्या स्वराखाली त्या तारा स्थिर होतात, कोणत्या स्वराने त्या ओढ लावतात, कोणता स्वर त्यांना सहन होत नाही, हे दोघांनी मिळून लिहून ठेवा. मग तोच स्वर एक सप्तक वर नेऊन पाहा. एका ट्यूनिंगचा असा कागद तयार झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नका. पहिल्या तालमीला तीनच प्रश्न विचारा: जाडीपासून बारकीपर्यंत सहा तारांचे सूर कोणते, कॅपो कुठे आहे आणि ऐकू येणारा षड्ज कोणता? उत्तरे कॉर्डच्या नावांच्या वर, कागदाच्या डोक्यावर लिहा. गिटारवादकाने ट्यूनिंग बदलले तेव्हा त्याने वाद्याचा स्वभावच बदलला होता. तो स्वभाव ओळखून वाजवलेले चार स्वरही त्या गाण्याचा अर्थ ठरवतात, आणि बासवादकाला याहून मोठे काम कोणत्याही गाण्यात मिळत नाही.